ओल्या जखमेवरची पुट्टी

मी फायबरची एक शिडाची होडी. आज जरा तावातच बोलणार आहे, कारण वर्षभर गप्प बसून माझी सहनशक्ती संपली आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आम्ही साच्यात तयार होतो. आधी साच्याला आतून चकचकीत रंगाचा जाड थर देतात. तीच पुढे आमची कातडी. मग त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, चिकट राळ ओतायची, रूळ फिरवून आतली हवा काढायची आणि पुन्हा कापड. मला घडवलं त्या दिवशी दोन कारागिरांचं आपसांत वाजलं. एक तणतणत निघून गेला, दुसऱ्यानं एकट्यानंच रूळ फिरवला. जिथे त्याचा हात पोचला नाही, तिथे हवेचे बारीक बुडबुडे राहिले. भांडण त्यांचं, भोग मात्र माझे.

मला एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांनी घेतलं. त्यांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ माझ्यावरच शीड सांभाळायला शिकले. ती सुकाणू धरायची, तो दोर ओढायचा.

"ताई, डावीकडे घे, डावीकडे!"

"मला दिसतंय. तू तुझा दोर बघ!"

किनाऱ्यापर्यंत हेच चालायचं. वडील गेल्यावर मी ताईकडे आले. भाऊ मोठ्या जहाजांवर इंजिनिअर झाला. सुट्टी मिळाली की यायचा, आणि पन्नाशीला टेकलेली ती दोघं माझ्यावर चढली की पुन्हा डावी-उजवीवरून भांडायची. मला ते फार आवडायचं.

ताईचे यजमान दातांचे डॉक्टर. माणूस मनानं वाईट नाही, पण मला जे काही भोगावं लागलं ते त्यांच्या हातून.

इतकी वर्षं पाण्यात काढल्यावर कातडीतून पाणी हळूहळू आत झिरपलं. त्या जुन्या बुडबुड्यांत जाऊन बसलं, राळेतलं काहीबाही विरघळवून आंबट झालं आणि फुगू लागलं. गेल्या वर्षी क्रेननं मला वर काढलं तेव्हा माझ्या तळाला फोडच फोड होते. काही मसुराएवढे, काही नाण्याएवढे. दुरुस्तीच्या आवारातल्या मिस्त्रींनी एक टोचला. चिळकांडी उडाली ती थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर. व्हिनेगरसारखा वास सुटला.

"सगळे फोडायचे, गोड्या पाण्यानं धुवायचे आणि दोन-तीन महिने उघडे ठेवायचे," मिस्त्री म्हणाले. "पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी भरायची नाही."

"तीन महिने?" डॉक्टर चष्मा पुसत हसले. "अहो, तीस वर्षं हेच करतोय मी. कोरायचं, वाळवायचं, भरायचं. पेशंट अर्ध्या तासात घरी. आजवर एकाची तक्रार नाही."

"तक्रार करायला तोंड मोकळं होतं कुठे त्यांचं?" मिस्त्री पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातलं कोरण्याचं यंत्र घेऊनच आले. माझ्याखाली चटई टाकून उताणे झोपले. एक फोड कोरायचे, रबरी फुग्यानं दोनदा हवा मारायचे, "वाळलं" म्हणायचे आणि पुट्टी भरून मोकळे. असे दोन दिवसांत एकशे त्रेचाळीस. वर इतकं सुंदर पॉलिश केलं, की ताईला म्हणाले, "कुठे भरलंय ते शोधून दाखव!"

मला ओरडावंसं वाटत होतं. अहो डॉक्टर, दोनदा फूं केल्यानं इतक्या वर्षांचं पाणी जातं का? माझ्या प्रत्येक भोकाच्या भिंतीत ओल मुरली होती. तुम्ही तिला झाकण लावलंत. पण होडीला कोण विचारतो! माणसाला दुखलं की तो निदान "आई गं" म्हणतो. आम्ही नुसत्या फुगतो.

यंदा भावाचा फोन आला. आठ दिवसांची सुट्टी, आणि मग सलग दोन वर्षं दूरच्या जहाजावर. ताईनं त्याच दिवशी शिडं धुवून वाळत घातली. तळाला नवा रंग द्यावा म्हणून मला वर काढलं, आणि पाहतात तर काय! फोड परत आलेले, शेजारीपाजारी घेऊन. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. टणटण वाजायला हवं तिथे भद्द आवाज आला.

"या खेपेला ओलं झाकलंत तर आतले थर सुटतील," ते म्हणाले. "मग तिला पाण्यात सोडू नका. मलाही बोलावू नका."

मिस्त्रींनी नवे फोड फोडले, जुनी पुट्टी सुटली तिथे तीही काढली, सगळं धुतलं. ताईनं एका जागी पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी घट्ट चिकटवला. आत ओल असेल तर प्लास्टिकला आतून थेंब धरतात.

भाऊ यायच्या आदल्या सकाळी डॉक्टर पुट्टीचे दोन डबे घेऊन हजर!

"अहो, काय चाललंय?" ताईनं विचारलं.

"आज भरतो, उद्या रंग, परवा तुम्ही दोघं पाण्यात."

"हे थेंब दिसत नाहीत?"

"दव आहे ते."

ताईनं पदरानं प्लास्टिक बाहेरून कोरडं केलं. थेंब जागचे हलले नाहीत.

"अगं, तुझ्यासाठीच करतोय ना मी? दोन वर्षं येणार नाही तो."

"माझ्यासाठी गेल्या वर्षीही केलंत. मी तुमची बायको आहे, पेशंट नाही. आजवर तोंड मिटून ऐकलं, पण आता ऐकणार नाही."

डॉक्टर डबे तिथेच ठेवून निघून गेले. ताई माझ्या सावलीत खाली बसली आणि एकटीच रडली. नाही म्हणणं तिला सोपं गेलं असेल, असं कुणी समजू नये.

दुसऱ्या दिवशी भाऊ थेट आवारात आला, हातात नवे हातमोजे. मला पाहून त्याचा चेहराच उतरला.

"ताई, गंमत करतेस ना? आठ दिवस आहेत माझ्याकडे!"

"आजही भरता येईल. आपण जाऊही. पण सुकाणू धरून बसले तरी मला माहीत असेल, की ही आतून ओली आहे."

 त्यानं हातमोजे खिशात कोंबले आणि विचारलं, "पाण्याचा पाइप कुठेय?"

आठ दिवस दोघांनी माझी भोकं धुतली. "डावीकडचं राहिलं!" "मला दिसतंय!" तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी चटई टाकली, तेच यंत्र काढलं आणि गेल्या वर्षी स्वतः भरलेली, अजून घट्ट बसलेली पुट्टी एकेक करून कोरायला लागले. मिस्त्री चहा घेऊन शेजारी बसले. "कसं वाटतंय, डॉक्टर?"

"स्वतःचंच काम खराब म्हणून काढतोय," ते खालूनच म्हणाले. "एकशे त्रेचाळीसपैकी उरलेत तितक्या वेळा."

तेव्हा माझा राग थोडा उतरला. सगळा नाही. त्या दोघांचे आठ दिवस जमिनीवर गेले ते गेलेच. ते कुणी भरून देणार आहे का?

काल भाऊ गेला. आज मी लाकडी टेकूंवर उभी आहे, अंगभर भोकं घेऊन. प्लास्टिकला आतून अजून थेंब आहेत, पण कमी. आवारातून जाणारे मला नावं ठेवतात, "काय दशा झालीय" म्हणतात. म्हणू देत. डॉक्टर सकाळी आले, चौकोन निरखला आणि विचारलं, "अजून नाही?" ताई म्हणाली, "अजून नाही." ते निमूट गेले.

माणसांनो, एवढंच ऐका. घाई करून मला गुळगुळीत करू नका. मी कुठे पळून चालले नाही. दोन वर्षांनी दोन माणसं माझ्यावर बसून भांडणार आहेत. त्या दिवसापर्यंत मला नीट वाळू द्या.