थेंबभर पाण्याचा दाखला

मी एक जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे. माझ्या पाठीचे कातडे सुटले आहे. वाळवीने माझी सुरुवातीची पाने खाल्ली, त्यामुळे जग कसे निर्माण झाले ते आता माझ्यात वाचता येत नाही. मित्रांनो, मधली पाने मात्र शाबूत आहेत. त्यांतल्याच एका पानापायी जे घडले ते मी तुम्हांला सांगणार आहे.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कोणी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, कोणी मला दोऱ्याने शिवले. आगगाडीने आणि मग बैलगाडीने मी चिखलीजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये आले. तिथे माझा फार मान होता. पाळक मोतीराम मला दोन्ही हातांनी उचलत. कोणाला ताप आला की घरचे लोक मला मागून नेत आणि उशाशी ठेवत. उघडून वाचणारे थोडेच होते. पाळकसाहेब सांगतील तेच माझे म्हणणे, असे सगळे धरून चालत.

सोजराबाई दर रविवारी येत. त्यांचे यजमान कडूबा दारापर्यंत सोबत येत आणि बाहेर लिंबाखाली बसत. गावच्या भावकीबरोबर त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली होती. "तू तुह्या देवाले भेटून ये, मी बसतो इथं," असे ते हसून म्हणत. उपासना सुटली की येणाऱ्याजाणाऱ्याला तेच घागरीतून पाणी वाढत.

महाराष्ट्र राज्य होऊन एकदोन वर्षे झाली असतील. त्या उन्हाळ्यात चर्चची विहीर आटली. कडूबा ती खोल करायला उतरले. पाणी लागले, पण वरून दरड सुटली आणि ते तिच्याखाली गेले. बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले नव्हते, म्हणून पाळकांनी चर्चच्या कब्रस्तानात जागा दिली नाही. भावांनी त्यांना गावाबाहेर अग्नी दिला.

पुढच्या रविवारी पाळकांनी मला उघडले. श्रीमंत माणूस आणि दारातला भिकारी लाजर यांचा तो दाखला, म्हणजे बोधाची गोष्ट होती. मेल्यावर लाजर अब्राहामाच्या कुशीत सुखात जातो; श्रीमंत आगीत पडतो, त्याला दुरून पाहतो आणि जिभेला थेंबभर पाणी मागतो. पाळकांनी खिडकीतून विहिरीकडे बोट केले.

"त्या माणसाने काढलेले पाणी आज आपण पितो. आणि तो? बाप्तिस्मा न घेता गेला. या घटकेला तो थेंबासाठी तडफडतो आहे!"

बायका रडू लागल्या. सोजराबाई रडल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या दूर सारला.

"माय, पी ना वं," त्यांची मुलगी विमलबाई म्हणाली. ती शाळेत शिकवीत असे.

"त्याले तिथं थेंब नाही, अन् मी काऊन पिऊ?"

विमलबाई फारच हातापाया पडली, तर त्या एखादा घोट घेत. ऊन असे होते की पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता.

विमलबाईने मला मागून नेले. मला इतके सावकाश तोवर कोणीच वाचले नव्हते. प्रत्येक ओळीखाली तिचे बोट फिरे. रविवारी ती भर चर्चमध्ये मला घेऊन उभी राहिली.

"साहेब, या दाखल्यात बाप्तिस्म्याचा शब्दच नाही. हा श्रीमंत रोज मेजवान्या झोडे, अन् दारात लाजर उपाशी पडेल होता. त्याच्या ताटाखालच्या तुकड्याईवर लाजरचा डोळा होता. लाजरचा तरी बाप्तिस्मा कुठं झाला होता? माह्या बानं त तुमच्यासाठी विहीर खंदली. तो या श्रीमंतासारखा कसा?"

बाकांवर कोणी हलले नाही. पाळकांनी मला तिच्या हातातून घेतले.

"बायकांनी मंडळीत गप्प राहावे, हेही यातच लिहिले आहे. खाली बसा."

तरी ती संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. मी तिथे मेजावर होते. "मायले माह्यं पटत नाही, साहेब. ती म्हनते, पाळकसाहेब म्हनतील तवाच खरं. या अन् एवढंच सांगा तिले, की असं कुठं लिहेल नाही. ती मरन हो."

पाळकांनी मला उघडून तो दाखला पुन्हा नजरेखालून घातला. "तुमचे वाचन चुकीचे नाही, विमलबाई," ते हळूच म्हणाले. "पण मी हे सांगितले की ते गावभर होईल. मग बाप्तिस्मा कोण घेईल? भीती गेली की मंडळी गेली."

ते गेले नाहीत. त्याच आठवड्यात सोजराबाई ऊन लागून वारल्या. ओठ इतके फाटले होते की शेवटचे शब्द कोणाला नीट कळले नाहीत.

त्यांना कब्रस्तानात जागा मिळाली. पाळकांनी मला खड्ड्याच्या काठावर उघडले. "आपली बहीण आता अब्राहामाच्या कुशीत आहे," ते म्हणाले.

"साहेब, त्या दाखल्यात इकडचे तिकडच्याईले दिसतात," विमलबाई म्हणाली. "मंग मायले तिथून बा जळताना दिसत असन. हेच का तुमचं सुख?"

पाळकांनी माझे पान उलटले आणि ते पुढचे वाचू लागले. माणसांनी माती लोटली.

विमलबाईचे नाव चर्चच्या मंडळीतून काढले गेले. ती देऊळगाव राजाकडच्या शाळेत गेली, ती परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाळकांनी तोच दाखला पुन्हा सांगितला आणि पुन्हा विहिरीकडे बोट केले. लोक पुन्हा रडले. मग बाहेर जाऊन त्यांनी हातपाय धुतले, पाणी प्यायले. कालांतराने चर्चला नवे शास्त्र मिळाले आणि मी कपाटात गेले.

मित्रांनो, मला नवा पुठ्ठा नको. माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. पण माझे नाव घेऊन कोणी तुमच्या माणसाला आगीत लोटू लागला, तर मला तिथल्या तिथे उघडा. मागची ओळ वाचा, पुढची वाचा आणि काय लिहिले आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा. विमलबाई उभी राहिली, त्या दिवशी बाकांवर वाचता येणारी आणखीही माणसे बसली होती.