टॉवेलाखालचा डबा

उंब्रजच्या राजरत्न कांबळेने घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा गावात फुकट सल्ल्यांना ऊत आला. तो आवरायला त्याने एक अट घातली. इंजिनावर कोणता कंट्रोलर बसवावा हे ज्याला सांगायचं असेल त्याने खुशाल सांगावं, मात्र तोच कंट्रोलर बसवल्यावर शेजारच्या सीटवर बसून वर यावं लागेल.

ही अट त्याने हवाई दलातून उचलून आणली होती. तिथं त्याची उमेद इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेली, आणि त्याच्या वरच्या साहेबाचा खाक्याच असा होता की पाना ज्याच्या हातात, तो चाचणीच्या विमानात. निवृत्तीनंतर राजरत्नने फ्लाइंग क्लबात जाऊन लायसन्स काढलं आणि अपघातात चेपलेल्या एका गाडीचं ठणठणीत इंजिन मिळवलं. परवानग्यांची कथा इथं सांगत बसलो तर विमान उडायचं राहून जाईल. मिळाल्या, एवढंच पुरे.

आता या इंजिनाला कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे सगळं कंट्रोलर नावाचा एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवायचा. तो डबा बंद पडला की इंजिन बंद. गाडी असली तर माणूस रस्त्याच्या कडेला उतरून शिव्या तरी देईल, वर आकाशात तीही सोय नाही.

"डोळं झाकून फॉरेनचा घे," दूध डेअरीचा मानसिंग म्हणाला. "एवढी मोठी कंपनी हाय, ती चुकायची न्हाई."

"मग कवा येतोस बसायला?"

मानसिंगला तिथल्या तिथं आपलं ब्लडप्रेशर आठवलं. शेजारचा आकाराम कार्बोरेटरच लाव म्हणून हटून बसला होता, त्याच्या उसाला नेमकं पाणी द्यायचं निघालं. आठवडाभरात शेडपुढची गर्दी ओसरली आणि राजरत्नला कामाला निवांतपणा मिळाला.

डबे दोन होते. एक परदेशी. मेव्हण्याने अमेरिकेहून येताना आणलेला, आतलं सगळं काळ्या लाखेसारख्या मसाल्यात ओतून बंद केलेलं, दिसायला एकदम साहेबी. दुसरा अक्षताचा. अक्षता ही त्याची एकुलती एक लेक. तिने सांगलीच्या विश्रामबागला राहून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतली होती आणि आता तिथंच नोकरीला होती. वर्षभर रविवार घालून तिने हा डबा बनवला. ॲल्युमिनियमचा, जेवणाच्या डब्याएवढा, वर एक हिरवा दिवा. आतलं काम चालू असलं की दिवा लुकलुकायचा.

"पप्पा, माझा बसवा असं मी म्हणणार न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही तपासा. जो टिकंल तो बसवा."

राजरत्नला हे बोलणं लय आवडलं. पण तपासायचं कुठं? विमानात डब्याला काय सोसावं लागतं, तर हादरे, उष्णता आणि विजेचे चढउतार. हे तिन्ही एका छपराखाली बारा महिने कुठं मिळतात याचा विचार करता करता त्याला अश्फाक मुजावर आठवला. अश्फाक आणि तो आयटीआयला एका बाकावर होते. आता सांगलीजवळ माधवनगरला अश्फाकची यंत्रमागांची शेड होती, आणि त्या शेडमध्ये उभं राहिलं तर माणसाचे दात आपोआप वाजायचे.

"राजाभाऊ, सल्ला मागू नगंस," अश्फाकने आधीच हात जोडले. "तुझी अट माझ्या कानावर आलीया. सल्ला न्हाई, माग देतो. न्हे."

दोन्ही डबे एका मागाच्या चौकटीला आवळून बांधले. इंजिन फिरतंय असं डब्यांना वाटावं म्हणून अक्षताने एक जोडणी केली, आणि परदेशी डब्यालाही बाहेरून एक दिवा लावला. मग माग सुरू झाला. कापसाचा भुगा उडत होता, पत्रा तापत होता, वीज मनाला येईल तशी वरखाली होत होती. मागावरचा विणकर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याकडे एक डोळा ठेवायचा आणि दिव्यांकडे दुसरा.

महिन्याभराने दोन्ही डब्यांचे गुण कळले. वीज एकदम खाली जाऊन परत आली की परदेशी डबा बधिर व्हायचा, मग दमाने शुद्धीवर यायचा. का, ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो उघडताच येत नव्हता. अक्षताच्या डब्याने विजेचं काही मनावर घेतलं नाही, पण हादऱ्यांनी आतल्या एका जड भागाचा पाय तुटला आणि दिवा गेला. तिचा चेहरा पडला. मग तिने डबा उघडला, तो भाग नव्याने बसवला, डिंकासारख्या मसाल्याने खाली चिकटवून टाकला, आणि डबा परत त्याच मागाला बांधला. त्यानंतर तो दिवा जो लुकलुकायला लागला तो थांबलाच नाही. शेवटी अश्फाकनेच माग परत मागितला, कारण त्याचा विणकर कापडापेक्षा दिव्यातच रमायला लागला होता.

"ठरलं," राजरत्न म्हणाला. "ह्यो कुठं मोडतो ते मला ठावं हाय, आन् कसा दुरुस्त करायचा ते तुला. तुझाच बसवायचा."

त्या दिवशी बापलेकीने अश्फाकच्या घरी बिर्याणी खाल्ली आणि तिने दोनदा वाढून घेतलं.

थंडीत कराडच्या धावपट्टीवर राजरत्नने एकट्याने पहिली भरारी घेतली. मग दुसरी, तिसरी. दर वेळी त्याचा एक डोळा त्या हिरव्या दिव्यावर असायचा. दिवा लुकलुकत राहिला, इंजिन एकसुरात बोलत राहिलं, आणि राजरत्नची छाती दर फेरीला इंचभर फुगत गेली. गावात तो सांगत सुटला, "माज्या पोरीचा डबा. जगात असला न्हाई."

"मग आता माझी पाळी," अक्षता म्हणाली. "डबा मी बनवलाय. अट म्हंजी अट."

राजरत्न हसून हो म्हणाला. स्वतःचा जीव त्याने त्या डब्याच्या हवाली सहज केला होता. पण त्या सीटवर आता पोर बसणार म्हटल्यावर त्याला मागावर तुटलेला तो पाय आठवायला लागला. एवढी मोठी कंपनी, ती चुकायची नाही, हे मानसिंगचं वाक्य, ज्याला तो पोट धरून हसला होता, तेच आता त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

त्या रविवारी सकाळी धावपट्टीवर शेवंता, म्हणजे त्याची बायको, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली होती. अश्फाकही माधवनगरहून खास आला होता. अक्षता सीटवर बसली, तिने पट्टा आवळला आणि गुडघ्यापाशी बघितलं. डब्यावर टॉवेल टाकलेला होता.

"ह्यो काय?"

"धूळ बसतीया गं."

तिने टॉवेल उचलला. खाली हिरवा दिवा नव्हता. काळा, साहेबी, बिनदिव्याचा डबा होता.

तिने पट्टा सोडला.

"तुमच्या जिवाला माझा डबा चालतो," ती म्हणाली, "आन् माझ्या जिवाला चालत न्हाई व्हय, पप्पा?"

कारखान्याचा भोंगा व्हावा तसे राजरत्नचे कान वाजायला लागले. "ह्येला दुसरी बॅटरी जोडलीया," तो कसाबसा म्हणाला. "वीज खाली जायाची न्हाई. म्हटलं, तू बसणार तर..."

"ह्यो तुमी निवडला. तुमी बसा." अक्षता खाली उतरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "मी माझ्याच डब्यासंगं बसणार. अट तुमचीच हाय."

शेवंता पुढे आली. "आवं, पोरगीला एवढं शिकीवलं ते ह्येच्यासाठीच न्हवं? का नुसतं गावात सांगायला?"

अश्फाक मान वळवून डोंगराकडे बघत उभा राहिला. सल्ला द्यायचा नाही हे त्याने ठरवलंच होतं.

राजरत्नला स्वतःची भयंकर लाज वाटली. भीती वाटली याची नाही, भीती सगळ्यांनाच वाटते. त्याने टॉवेल टाकला होता, याची लाज वाटली. वीस माणसांपुढे पोरीचं कौतुक करायचं आणि वेळ आली की ते झाकून ठेवायचं, ही कसली बापाची माया? तो मागं गेला आणि सामानातून ॲल्युमिनियमचा डबा काढला. तो घरी ठेवून यायला मन झालं नव्हतं, म्हणून जवळच ठेवला होता.

"पाना दे," तो म्हणाला.

अक्षताने पाना दिला. दोघांनी मिळून काळा डबा उतरवला आणि तिचा बसवला. एकेक वायर तिने ओढून बघितली, मग त्याने बघितली. दुसरी बॅटरी मात्र तिने तशीच राहू दिली. "ही चांगली केलीत," ती म्हणाली, आणि राजरत्नला जरा श्वास आला.

बटण दाबलं. दिवा लुकलुकला. इंजिन एका झटक्यात बोलायला लागलं.

विमान उठलं तेव्हा खाली शेवंताने पदर तोंडाशी धरलेला होता आणि अश्फाक दोन्ही हात हलवत पळत होता. कृष्णा-कोयनेचा संगम डावीकडून सरकला, मग उंब्रजकडची शेतं आली. अक्षता बापाकडे चोरून बघत होती.

"पप्पा," ती इंजिनाच्या आवाजावर ओरडली, "दिवा बघताय न्हवं?"

"न्हाई."

"मग?"

राजरत्नने काचेतून खाली बोट दाखवलं. "आकारामचा ऊस बघतोय. तुरा आलाय बघ."