हायवेवरच्या घागरी

व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न होता: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? कॅनडातली माझी नात, जाई, सहा महिन्यांची झाली होती. तिला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढ्यासाठी मी उमरग्याच्या त्या एजंटासमोर बसलो होतो.

"न्हाय लिहा, गुरुजी," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघून कोण संशय घेतंय?"

शहाऐंशी साली अणदूरला प्यायला पाणी मिळेना, म्हणून आम्ही हायवेवर रिकाम्या घागरी मांडून बसलो होतो. रस्ता अडवल्याचा खटला भरला, चार वर्षं कोर्टात तारखा पडल्या. शेवटी वकील म्हणाले, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटा." सगळ्यांनी होकाराची मान हलवली. वाद घालायचा मला संकोच वाटला, म्हणून मीही हलवली. त्या हललेल्या मानेचा राग मला अजून येतो.

"हो लिहिलं, तर नात फोटोतच बघावी लागंल," एजंट हसला.

मी पेन उचललं. आधी भीती वाटली. मग तो जुना संताप वर आला. मी 'हो' लिहिलं. खाली तपशिलासाठी दोनच ओळी होत्या.

"कोरा कागद द्या," मी म्हणालो. "एक नको, चार द्या."