मास्तरांच्या गाठीचा ठोकळा

मी मेणाचा ठोकळा. काडेपेटीहून लहान, पाठीला जाळीची प्लास्टिकची डबी, आणि पोटात मसुराच्या दाण्याएवढा पांढुरका तुकडा. तो तुकडा डहाणूच्या वासुदेव मास्तरांच्या टॉन्सिलचा. म्हणजे मी निम्मा मेण आणि निम्मा मास्तर. त्यांच्या घरातलं सगळं मला माहीत असतं. कुणी म्हणेल, नाक खुपसतो. खुपसतोच! ज्याच्या पोटात माणूस आहे त्यानं चौकशी करायची नाही, तर कुणी करायची?

मास्तर कैनाडच्या शाळेत शिकवतात. गेल्या हिवाळ्यात दाढी करताना मानेला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने कॉलर वर ओढून शाळेत गेले. शेवटी त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, धरूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठीचं मूळ शोधत घशात बघितलं, टॉन्सिलचा एक तुकडा काढला, आणि तिथून माझा जन्म.

आधी औषधाच्या पाण्यात बुडून राहिलो, मग अंगावर गरम पातळ मेण ओतलं, निवलं, झालो घट्ट. डबीवर पेन्सिलीनं नंबर घातला, कारण शाई त्या औषधात धुऊन जाते. बारसं ते एवढंच. मग माझा पातळ काप काढून काचेवर ठेवला, भिंगातून बघितला आणि रिपोर्ट लिहिला. कॅन्सर.

मास्तरांनी कागदाची चौघडी घातली.

"हा माझा नाही."

"अहो, वर नाव आहे तुमचं!"

"नाव कोणीही लिहील. जन्मात तंबाखूला हात लावला नाही, सुपारीसुद्धा नाही. मला कसा होईल? बाटल्या बदलल्या असणार."

मी काचेच्या कपाटात ओरडत होतो, अहो, मी तुमचाच आहे! पण मेणाचं ओरडणं कुणाला ऐकू येतंय.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "तंबाखू खाल्ली नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच आणखी एक तपासणी करू. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, त्यानंही घशाचा कॅन्सर होतो. मेणाचा ठोकळा घेऊन या, आणि किरणांचा शेक सुरू करायची तारीख आजच घ्या."

मास्तरांनी तारीख घेतली नाही. म्हणाले, आधी ठोकळा माझा आहे का ते बघा. आणि गाठ काही मास्तरांचं मत विचारून वाढत नव्हती.

यमुनाबाईंनी मला लॅबमधून आणलं खरं, पण घरात घेईनात. घरात कॅन्सर कसा ठेवायचा? बिस्किटाच्या डब्यात घालून त्यांनी मला न्हाणीघराच्या पत्र्यावर ठेवलं. मुंबईची गाडी सोमवारची, आणि हा शुक्रवार. एप्रिलचं ऊन, पत्रा तापून लाल, डबाही पत्र्याचाच. दुपारपर्यंत माझ्या कडा मऊ झाल्या. आणखी एक दिवस तसाच राहिलो असतो तर पार पातळ होऊन तुकडा डब्याच्या कोपऱ्यात वाहून गेला असता, आणि मास्तरांच्या घशाला पुन्हा चिमटा लावावा लागला असता. मास्तर तर आता आणखी एक चिमटा लावू देणाऱ्यातले नव्हते.

वाचवलं मला शेजारच्या दक्षाबेननी. पापड वाळत घालायला त्या शिडीवर चढल्या होत्या. दुसऱ्याचा डबा दिसल्यावर उघडला नाही तर दक्षाबेन कसल्या!

"यमुनाबेन, अगं, साबणाची वडी वर का ठेवलीस? वितळते की!"

"हात लावू नका! ती ह्यांची गाठ आहे!"

दक्षाबेन एक क्षण गप्प झाल्या. हे वर्षातून एकदा होतं. मग मला पदरात धरून त्या खाली आल्या.

"मास्तर एवढे मोठे घरात चालतात, तर त्यांचा एवढासा तुकडा चालत नाही? माझ्या घरी ठेवते. आणि सोमवारी मी पण येणार. तू एकटी गेलीस तर रडून परत येशील."

मुंबईच्या लॅबमध्ये जयश्री नावाच्या बाई होत्या. माझ्या कडा बघून त्यांनी नाक मुरडलं, "कुठे शेकत बसला होता हा?" पण तुकडा जागेवर होता. त्यांनी जुनं मेण वितळवून मला नव्यात बसवलं, बर्फावर गार केलं आणि यंत्राच्या पात्याला लावलं. कापांची पट्टी निघाली, केसाहून कितीतरी पातळ. कोमट पाण्यावर ती तरंगली, काचेवर चढली. मग रंग. विषाणूनं पेशीत बिघाड केला असेल तर एक प्रथिन फार साठतं, आणि ते असेल तिथे तपकिरी रंग चढतो. माझा काप काठोकाठ तपकिरी झाला. जयश्रीबाईंनी तेवढ्यावर भागवलं नाही. विषाणूचीच खूण सापडते का, ती वेगळी तपासणीही केली. सापडली.

रिपोर्ट घ्यायला मास्तर स्वतः डॉक्टरीणबाईंकडे आले. भांडायला. लॅबनं परत दिलेला मी यमुनाबाईंच्या पर्समध्ये होतो, चष्म्याच्या घरामागे.

"मॅडम, हा तुकडा माझा नाही हे मी समोरासमोर सांगायला आलोय."

"तुमच्या मानेतली गाठ मी बोटांनी चाचपली, मास्तर. ती पण दुसऱ्याचीच का?"

मास्तरांनी कॉलर सारखी केली.

"तुम्ही तंबाखूबद्दल खरंच बोललात," बाई म्हणाल्या. "हा एचपीव्हीचाच. आणि या प्रकारचा कॅन्सर उपचारांना बहुतेक वेळा चांगली साथ देतो."

मास्तरांनी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. यमुनाबाईंनीच विचारलं, आवाज खाली घेऊन, "हा लागतो कसा?"

"शरीरसंबंधातून. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो. कधी आला, कोणाकडून आला, ते कोणतीच लॅब सांगू शकत नाही. म्हणून ते शोधत बसू नका."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. यमुनाबाईंनी पर्सची चेन ओढली, एकदम अंधार झाला, आणि वरून त्यांचा आवाज आला, "शेकाची तारीख द्या, मॅडम. उद्याची असली तरी चालेल."

सात आठवडे शेक झाला. तोंड सोललं, पेज गिळताना मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दक्षाबेन पेज आणायच्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत गावभरच्या बातम्या सांगत बसायच्या. तीन महिन्यांनी तपासलं, गाठ नव्हती. आता दर काही महिन्यांनी जाऊन दाखवायचं.

मी सध्या मास्तरांच्या टेबलाच्या खणात असतो. पोटातला तुकडा आता तांदळाच्या कणीएवढाच उरलाय, पण लागलाच तर पुरेल.

परवा शाळेतले लाहू शिपाई आले होते. दिवाळीपासून कान दुखतोय, मानेला सूज, वर मफलर.

"सर्दीची गाठ असेल, गुरुजी. मी कुठे तंबाखू खातो?"

मास्तरांनी खण उघडला आणि मला लाहूंच्या तळव्यावर ठेवलं.

"हा मी. मी पण खात नव्हतो."

लाहूंनी तळवा तसाच पुढे धरला. मी त्यावर घट्ट बसून राहिलो. मला एवढंच येतं, आणि तेवढं मला फार चांगलं येतं. तुमच्याही मानेला असं काही असेल आणि तुम्ही मफलर गुंडाळून हे वाचत असाल, तर मफलर काढा. पुढचं आमच्यावर सोडा.

लाहूंनी मला दोनदा उलटंपालटं करून बघितलं. मग हळूच विचारलं, "सकाळची गाडी किती वाजता असते, गुरुजी?"