वाकळेचा घास

शिवाजी पेठेतल्या आकाराम फ्रेमवाल्याचा एक हेका होता. कापडाला डिंक लावायचा नाही म्हणजे नाही! सुती अस्तरावर बारीक टाक्यांनी धरायचं, काच टेकू द्यायची नाही. घाई करणाऱ्याला तो सरळ हाकलायचा, "पावणं, फोटो न्हाय ह्यो, कापड हाय. त्याला श्वास लागतोय की!"

अठ्ठ्याण्णव साली गडमुडशिंगीच्या सोनूबाईनं आपल्या आईची, बयाबाईची वाकळ फ्रेम करायला आणली. जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली गोधडी. सगळी विरली होती, मधला चौकोन तेवढा धड. "आयचं एवढंच ऱ्हायलंय. जप रं बाबा," ती म्हणाली.

आकारामनं जपलं की! पण एका ठिगळाखाली काहीतरी टोचलं. उसवून बघतो तर किडके तांदूळ. उंदरांचे उद्योग, दुसरं काय? दारात झटकले, ठिगळ परत शिवलं आणि गडी स्वतःवरच खूश झाला.

काच बसवायच्या आधी सोनूबाई बघायला आली. तिनं वाकळेवर हात फिरवला आणि ठिगळापाशी थांबली.

"घास कुठं हाय रं?"

"कसला घास?"

"आय परत्येक वाकळंत तांदळाचा घास भरायची. वाकळ उपाशी, तर पांघरणारा उपाशी." तिनं ठिगळ पुन्हा चाचपलं. "आयच्या हातचा घास टाकलास व्हय?"

आकारामची जन्मभर जपण्याची फुशारकी, आणि जपायचं तेच फेकलं! "आक्का, चुकलो. इचारायला पायजे हुतं. पर किडं हुतं त्यात. ठेवलं असतं तर वाकळच खाल्ली असती."

ती डोळे पुसत बसली. मग म्हणाली, "टाकलंस कुठं?"

"दारात. चिमण्यांनी टिपलं. दाणा ठेवला न्हाय."

सोनूबाई दाराकडं बघत राहिली. "म्हंजे कुणाच्या तरी पोटात गेलं. आयला बरंच वाटलं असतं." तिनं नाक ओढलं. "बसव काच. हिचं पांघरायचं दिवस सरलं. पर माझी लेक शिवानी दोन जीवांची हाय, तिच्या बाळाला नवी वाकळ शिवाय घेतलीया. त्या वाकळंचा घास तू द्यायचा, तुझ्या घरचा!"

घर दुकानामागंच. आकाराम धावत गेला आणि ओंजळ भरून तांदूळ घेऊन आला.

"आरं, वाकळ हाय, लगीन न्हाय!" सोनूबाईला हसू फुटलं. तिनं चिमूटभर पदरात बांधले. उरलेले आकारामनं दारात टाकले, चिमण्यांना.