दुसरी भाकरी

बैलगाडे पळवायच्या चढाच्या, घाटाच्या माथ्यावर, देवळाच्या भिंतीला एक काळी फरशी आहे. दरसाल यात्रेच्या शर्यतीत ज्याचा गाडा पहिला येईल, त्याचं नाव तिच्यावर कोरतात. नांद्याच्या गेणबानं तीस वर्षं गाडा पळवला, दोनदा दुसरा आला, पण फरशीवर काही चढला नाही. चांगले बैल हाताशी आले तेव्हा शर्यतींवर बंदी आली, आणि बंदी उठायच्या आत गेणबा गेला. आता घाटाखाली बिल्डरचे पत्रे लागले होते. पुढल्या साली घाटच राहणार नव्हता. गेणबाचं नाव लागायचं तर यंदाच, हे त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं मनाशी घट्ट धरलं होतं. मुलानं, किशोरनं रान विकलं, खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, तिनं सगळं होऊ दिलं. गोठ्याला मात्र हात लावू दिला नाही.

गोठ्यात होता पाखऱ्या. बैल नव्हे, वारं. गाड्याला चार बैल लागतात, पुढं घोडी पळते, गाड्यात माणूस कुणी नसतो. चढ चढून माथा गाठेस्तोवर घड्याळ चालतं. पाखऱ्या पळायचा तो माथ्यावर उभ्या राहिलेल्या सगुणाबाईच्या हाकेवर. वर पोचला की तिच्या हातची गूळभाकरी खायची, हा त्याचा रिवाज. एवढ्या कालव्यात बैलाला कुठली आलीय हाक ऐकू, म्हणून लोक हसायचे. पण मागल्या साली बाई तापानं अंथरुणाला खिळली आणि एरवी बाराच्या आसपास माथा गाठणाऱ्या पाखऱ्यानं तेरा सेकंदांच्या वर घेतले, तेव्हापासून हसणारे गप झाले.

यंदा अडचण वेगळीच आली. घरचा एक बैल ऐन वेळी लंगडला आणि माणच्या बहिरूनं आपला बैल दिला. हा पैरा. आज माझा बैल तुझ्या गाड्याला, मग तुझा माझ्या. कागद नाही, सही नाही, पण पैरा मोडणाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी बैल बांधत नाही. चिठ्ठ्या निघाल्या त्या अशा: सकाळी सगुणाबाईची बारी, दुपारी बहिरूची. म्हणजे दुपारी पाखऱ्या पळणार बहिरूसाठी.

सकाळी बहिरूचा बैल परक्या गाड्याला असा पळाला, की घरचा काय पळेल! बारा सेकंद दहा पॉइंट. दुपारपर्यंत त्याच्या जवळपास कुणी फिरकलं नाही. राहिली होती एकच बारी.

किशोर आईजवळ आला. "आई, बहिरूअण्णाच्या बारीला तू वर हुबी ऱ्हा. पैऱ्याचं माणूस हुबं पायजे. पण हाक नको मारू."

"आन मंग?"

"मंग काय? बॅटरीचा शॉक दिला न्हाई, टोचलं न्हाई, दावं सैल सोडलं न्हाई. गप ऱ्हायलं म्हणून कोन बाद करतंय?"

पोरगा आपल्याला शहाणपण शिकवतोय याचं सगुणाबाईला हसू आलं आणि रागही आला. बाऱ्या दोन आहेत हे तिला काल रात्रीच कळलं होतं, तरी पहाटे चुलीपुढं बसून तिनं पाखऱ्यासाठी भाकरी थापली ती एकच. किशोर आत्ता सांगत होता, ते तिनं पहाटेच ठरवलं होतं.

ती माथ्यावर जाऊन उभी राहिली. खाली बहिरूची माणसं गाडा जुंपत होती. भोंग्यावरचा माणूस बहिरूचं नाव पुकारत होता. फरशी तिच्या पाठीशी होती, आणि खालच्या ओळीत एका नावापुरती जागा होती. तिनं पदर तोंडाशी घट्ट धरला.

निशाण पडलं. घोडी उधळली. "भिर्रर्रर्र!" भोंगा ओरडला आणि घाट उठून उभा राहिला. तीन बैलांनी उडी घेतली. पाखऱ्यानंही घेतली, पण मान वर काढून. तो माथ्याकडं बघत होता. सगुणाबाई दिसत होती, हाक येत नव्हती. धावता धावता त्यानं मान एकदा इकडं, एकदा तिकडं वळवली.

"आरं, हितं हाय! ये माझ्या राजा, ये!"

पदर कधी सुटला ते तिचं तिला कळलं नाही. बाई घसा फाटेस्तोवर ओरडत होती. पाखऱ्यानं मान खाली घातली आणि बाकीच्या तिघांना ओढून वर आणलं.

बारा सेकंद आठ पॉइंट.

गुलालाचा लोट उठला. बहिरूच्या पोरांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं. किशोरनं हातातली बाटली आपटली, आईकडं न बघता गाडीकडं निघून गेला.

पाखऱ्या धापा टाकत सरळ तिच्यापाशी आला. तोंडाला फेस, अंगावर परक्याचा गुलाल. त्यानं तिचा उजवा हात हुंगला. मग डावा. मग ओटीला नाक लावलं आणि नाकानं ढोसत राहिला. सकाळी मिळालं ते आता का नाही, हे त्याला समजेना. आपण कुणासाठी पळालो हेही त्याला ठाऊक नव्हतं. सगुणाबाईनं दोन्ही रिकामे हात त्याच्या तोंडावर ठेवले, आणि गेणबा गेला तेव्हा रडली नव्हती अशी ती रडली.

बहिरू गर्दीतून वाट काढत आला. त्याला वाटलं, बाई हरली म्हणून रडते. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "वैनी, तुमची हाक नसती तर काय खरं नव्हतं. उपकार झालं."

"उपकार कसलं, भावजी." तिनं डोळे पुसले. "म्या आज येकच भाकरी आणलीया."

बहिरूनं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. पाखऱ्याचं तोंड अजून तिच्या ओटीत होतं. हळूहळू बहिरूच्या ध्यानात आलं, दुपारची भाकरी बाईनं थापलीच नव्हती, आणि त्याच्या तोंडचं हसू मावळलं. भोंग्यावरून त्याला नारळ घ्यायला बोलावत होते. तो हलला नाही.

"वाईच गूळ असंल तर बघा की कुणाकडं," सगुणाबाई म्हणाली. "कवाधरनं मागतोय त्यो."