दुसऱ्या माणसाचं काम

एकेचाळीस नोंदी झाल्यावर चिका नागुमोला पहिल्यांदा शंका आली. वाफ सोडल्यापासून भांड्याचं दार उघडेपर्यंत प्रत्येक वेळी बारा मिनिटं. फरक काय तो चार-पाच सेकंदांचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे आकडे कुणी आणून दिले असते, तर ते घरी बसून रचलेत असंच ती म्हणाली असती.

डबाबंद बांगडे शिजवणाऱ्या त्या जपानी कारखान्यात मुख्य कचेरीने तिला एवढ्यासाठीच पाठवलं होतं: वाफेच्या भांड्यापाशी दोन माणसं कशाला लागतात, ते बघून ये. दार याजिमा उघडायचा. दाबाचा काटा शून्यावर आला की त्याच्यावर बोट रोखून खणखणीत ओरडायचा, "शून्य, ठीक!" नियमपुस्तकात तसंच होतं. भांड्यामागे उभा असलेला अठ्ठावन्न वर्षांचा हातानो मात्र काहीच करत नव्हता.

तिने जुन्या नोंदवह्या काढल्या. ती यायच्या आधी हेच काम कधी अकरा मिनिटांत व्हायचं, कधी एकोणीस.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे पाचलाच कारखान्यात गेली. वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतली जाळी मांडीवर घेऊन हातानो घासत बसला होता. फुटलेल्या डब्यांतली माशांची कातडी तिच्यात घट्ट बसली होती.

"पकडलंत की! पोलिसात जायचं सोडून इकडे कुठे आलात, नागुमोसान?"

"रोज पाचला येता?"

"तुम्ही आल्यापासून. पाहुण्यांसमोर घोळ नको, म्हणाले कुरोइवासान." कुरोइवा त्या विभागाचा प्रमुख.

"आणि एरवी?"

"एरवी ही दुपारपर्यंत तुंबते. काटा जाळीच्या पलीकडे बसवलाय. तो शून्य दाखवतो आणि आत वाफ कोंडलेली. म्हणून मी मागची छोटी तोटी जरा सैल करून बघतो. फुस्स झालं तर थांबायचं. नाही झालं तर पान्याने दोनदा ठोकतो, मग याजिमा दार उघडतो. ते बोट दाखवून ओरडणं म्हणजे देवळात घंटा वाजवल्यासारखं."

"मग हे पुस्तकात का नाही?"

"त्या तोटीने एकाचा हात भाजला होता. तेव्हापासून तिला हात लावायला बंदी. वर कळलं तर डोळेझाक केली म्हणून कुरोइवासान घरी जातील."

"पण मी पाहिलं तेवढंच लिहिलं, तर तुमची इथली जागा जाईल."

"जाऊ दे. मी खोकी भरीन. त्यांची मुलं अजून शाळेत आहेत." त्याने जाळी झटकली. "पाहिलं तेवढंच लिहा. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतं. एकेचाळीस नोंदी, सरासरी बारा मिनिटं, असं तिने लिहून दिलं. पहाटेचं वगळलं. विश्वासाने सांगितलेलं कसं लिहायचं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं तर तिला आपला पहिला अहवाल नीटनेटका हवा होता.

महिन्याभरात हातानो खोकी भरायला गेला. भांड्याच्या खोलीत यायची त्याला परवानगी राहिली नाही. 'एक माणूस, बारा मिनिटं' असा फलक तिथे लागला. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी दुपारी याजिमाने काट्यावर बोट रोखलं, ओरडला आणि दार उघडलं. छातीपासून वर तो भाजून निघाला. डोळ्यांबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

मुख्य कचेरीतून चौकशीला तीन साहेब आले, चिकालाही सोबत घेऊन. त्यांनी हातानोला बोलावून काम करून दाखवायला सांगितलं. हातानोने काट्यावर बोट रोखलं, "शून्य, ठीक!" म्हणाला आणि कमरेत वाकून मागे सरला. भांड्यामागे तो फिरकलासुद्धा नाही. कुरोइवा जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे याजिमाने काटा नीट पाहिला नाही," थोरला साहेब म्हणाला. "चूक त्याचीच. नागुमोसान, तुमच्या नोंदीही तेच सांगतात ना?"

चिकाने हातानोकडे पाहिलं. त्याने दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नको.

"हातानोसान," ती म्हणाली, "मी इथे होते तेव्हा तुम्ही रोज पाचला यायचात. कशाला, ते यांना सांगा. नाहीतर मी सांगते."

हातानोने टोपी काढून हातात धरली आणि जाळीपासून तोटीपर्यंत सगळं सांगितलं. कुरोइवा मटकन खोक्यावर बसला.

साहेबाने अहवाल उघडला, पानं उलटली, पुन्हा उलटली. "हे यात कुठे आहे?"

"नाहीये," चिका म्हणाली. "मला माहीत होतं. मी लिहिलं नाही."